डब्याचं झाड

माझी आत्या सरकारी जंगलात झाडांना रंग लावायची. असं सांगितलं की लोकांना वाटतं बाई चित्रकार असणार, नाहीतर डोक्यानं जरा हललेली. ती दोन्ही नव्हती. रान फार दाट झालं की जंगलखातं ते विरळ करतं, आणि तेव्हा कुठलं झाड काढायचं, कुठलं ठेवायचं, हे कुणीतरी एकेका झाडापाशी जाऊन ठरवावं लागतं. ते ठरवणाऱ्या टोळीची आत्या मुकादम होती. काढायच्या झाडाला दोन निळ्या खुणा व्हायच्या. एक छातीच्या उंचीला, लांबून दिसावी म्हणून. दुसरी पार बुंध्याशी, मुळांना टेकून. वरची खूण झाडाबरोबर जाते. खालची खुंटावर मागे राहते, म्हणजे हे झाड चोरीला गेलेलं नाही, ठरवून काढलेलं आहे, हे मागून येणाऱ्याला कळतं.

तिची कामाची तऱ्हा अशी, की पाहणाऱ्याला वाटावं ही बाई पगार घेऊन झोपा काढते. आधी झाडाभोवती एक पूर्ण फेरी मारायची. मग मान अवघडेपर्यंत शेंड्याकडे बघत राहायचं. मग सालीवर तळवा ठेवून डोळे मिटायचे, आणि ते डोळे कधी उघडतील याचा काही नेम नसे. लहानपणी सुट्टीत मी तिच्याबरोबर जायची तेव्हा मलाही तिथे गुंगी यायची. वरून हिरवट उजेड झिरपत असायचा, पायाखाली पानांचा इतका जाड थर की आपलंच पाऊल आपल्याला ऐकू येत नसे, आणि आत्या एकाच जागी इतका वेळ उभी, की तिच्या खांद्यावर पाखरू येऊन बसलं तरी मला नवल वाटलं नसतं. माझे वडील म्हणायचे, "हिला बाजारात एकटी पाठवू नका. दिव्याच्या खांबालाही हात लावून उभी राहील, काढू का ठेवू म्हणून."

टोळीचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता आणि कुणी घालून दिला हेही कुणाला माहीत नव्हतं. ज्या झाडाखाली बसून डबा खाल्ला, त्या झाडाला रंग लावायचा नाही. त्या दिवशीच नव्हे, कधीच नाही. त्याला डब्याचं झाड म्हणायचे. ज्याच्या सावलीत जेवलो त्याच्यावरच खूण केली तर ते जेवण अंगी कसं लागणार, असा काहीतरी त्यामागचा विचार असावा. पण हा नियम आत्याच्या हातात पडला आणि त्याचं भलतंच झालं. एखादी झाडी तिच्या मनात भरली की तिला तिथे भूक लागायची. सकाळी एका झाडाखाली पावाचा तुकडा, दुपारी दुसऱ्याखाली डबा, तिसऱ्याखाली नुसतंच एक फळ. "मुकादमबाईंच्या पोटात जंत झालेत," असं टोळीतली माणसं म्हणायची आणि मुकाट्यानं आपापला डबा उघडायची. खात्याचे साहेब पाहणीला आले की विचारायचे, "हे एवढं वाकडं झाड का सोडलं?"

"जेवलो तिथं, साहेब."

साहेब कानाडोळा करून पुढे जायचे.

तिचं स्वतःचं म्हणावं असं डब्याचं झाड मात्र एकच होतं. वरच्या रानात, झऱ्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर. प्रचंड, जुनं, वाटेकडे जरा झुकलेलं. आतोबाही त्याच टोळीत होते आणि अबोल म्हणजे किती अबोल! एक अख्खा हंगाम ते आत्याशी एक अक्षरही बोलले नाहीत, आणि हंगाम संपता संपता त्या झाडाखाली येऊन त्यांनी आपल्या डब्यातली दोन उकडलेली अंडी तिच्यापुढे धरली. "मी म्हटलं, एक पुरे," आत्या सांगायची. "तर म्हणाले, दुसरंही तुझंच. झालं, ठरलं आमचं." आतोबा गेल्यावरही दर हंगामाचा पहिला डबा ती तिथेच उघडायची. एक अंडं खायची, दुसरं सोलून शेजारी ठेवायची, आणि खोडाला टेकून घटकाभर झोपायची. त्या झोपेत आतोबा बोलतात, असं ती सांगे. मला असल्या गोष्टींचा राग येतो. "जिवंत असताना बोलले असते तर काय बिघडलं असतं?" असं मी एकदा चिडून विचारलं.

"तेव्हा कामं असायची गं," ती म्हणाली.

मी मोठी झाले आणि कोर्टाची पायरी चढले. आरोपी म्हणून नव्हे. एका वकिलांच्या ऑफिसात मी टायपिंग करते, फायली लावते, आणि वकीलसाहेबांचा चष्मा हरवला की तो त्यांच्याच कपाळावर शोधून देते. तिथे एके दिवशी एक मधवाले गृहस्थ आले. त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या रानाखालच्या ओढ्याकाठी होत्या. खात्यानं वरच्या रानात मोठं काम काढलं होतं. बारीक झाडं यंत्रानं तोडायची, आणि यंत्र वर जायला ओढ्याच्या कडेनं रस्ता करायचा. अशा कामाआधी पाण्याचं, प्राण्यांचं, माणसांचं काय होईल याची तपासणी करावी लागते, लोकांचं म्हणणं ऐकावं लागतं, असा कायदा आहे. काम लहान असेल तर मात्र सूट. म्हणून खात्यानं त्या एका रानाचे पाच तुकडे केले, पाचांना पाच नावं दिली, आणि प्रत्येक तुकडा सूट मिळण्याइतका लहान करून घेतला. "कलिंगडाच्या पाच फोडी केल्या आणि म्हणतात, आम्ही कलिंगड कापलंच नाही," मधवाले म्हणाले. वकीलसाहेबांना हे वाक्य इतकं आवडलं की ते अर्जात घाल म्हणाले. मी घातलं नाही.

मग मी नकाशा उघडला आणि माझी बोटं थबकली. पाचव्या तुकड्यात झऱ्याची पायवाट होती.

संध्याकाळी मी आत्याकडे गेले. तिची खोली लाकडांच्या डेपोला लागून होती. दारात रंगानं माखलेले बूट, खिडकीत वाळत घातलेले हातमोजे, चहाच्या कपांवर अंगठ्याचे निळे ठसे. ते कितीही घासले तरी निघत नसत. चिरलेल्या लाकडाचा वास खोलीत कायम भरून राहिलेला. तिथे बसलं की माणूस हळू बोलायला लागतो. मी मात्र तणतणतच आत शिरले.

"साहेब वाईट नाहीत गं," माझं ऐकून घेऊन ती म्हणाली. "तपासणी म्हटली की वेळ जातो. तोवर रान वाळतं. एखादी ठिणगी पडली म्हणजे? विरळ तर करायलाच हवं. आम्ही खुणा करून मोकळे झालोय."

"पाचही तुकड्यांत?"

"तुकडे मला कुठले दिसतात! चालायला लागलं की रानच दिसतं."

"मग हेच कोर्टात येऊन सांग ना."

तिनं कप खाली ठेवला. "नीट ऐक. आत्ता बारीक झाडंच काढायची आहेत. माझ्या झाडाला कुणी हात लावणार नाही. तपासणी लागली की जाणती माणसं येतील, वाटेवरच्या प्रत्येक झाडाला ठोकून बघतील. माझं झाड ठोकल्यावर काय बोलेल, ते मला माहितीये. आतून पोकळ झालंय. वाटेवर झुकलंय, खालून लोक पाण्याला जातात. ते लिहितील, काढून टाका. आणि त्यांचं काही चुकणार नाही."

"म्हणून तू गप्प बसणार?"

"म्हणून मी गप्प बसणार. मला कुणी विचारू नका म्हणजे झालं."

मी रागारागानं उठले. पायऱ्या उतरता उतरता राग गेला आणि नुसतं वाईट वाटायला लागलं. तिच्याकडे आतोबांचा एक फोटोसुद्धा नव्हता. होतं ते हेच झाड. वकीलसाहेबांना मी काही सांगितलं नाही. घरची गोष्ट घरात ठेवली.

केस चालू झाली. खात्याचे वकील म्हणत, पाच कामं वेगळी, वेगवेगळ्या वेळची, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. आमचे म्हणत, काम एकच. त्यांनी नकाशा दाखवला की हे दुसरा दाखवत. शेवटी न्यायाधीश बाई दोन्ही नकाशे बाजूला सारून म्हणाल्या, "मी स्वतः येऊन बघते." रानात वाट दाखवायला खात्यानं ज्याला हद्दी ठाऊक आहेत असा माणूस पाठवायचं ठरलं. पाहणीच्या दिवशी सकाळी रानाच्या फाटकाशी, खांद्याला पिशवी लावून, आत्या उभी असलेली दिसली. तिनं माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

धुकं होतं. आम्ही त्यात एकामागोमाग एक शिरलो, आणि कुणी काही न सांगता सगळ्यांचे आवाज खाली आले. कोर्टात एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे दोघं वकील इथे आडवी आलेली फांदी एकमेकांसाठी धरून ठेवत होते. साहेबांनी फोन बंद करून खिशात टाकला. न्यायाधीश बाई मधूनच थांबत, एखाद्या खोडावर हात ठेवत, पुढे होत. धुक्यातून खुणा निळ्या उमटायच्या, विरायच्या. पाणी कुठेतरी वाहत होतं, पण कुठल्या बाजूला ते कळत नव्हतं. मला तर वाटायला लागलं, आपण सगळे आत्याच्या दुपारच्या झोपेत चाललो आहोत. ती जागी झाली की आपण कुणी उरणार नाही. मला असं कधी वाटत नाही. ती जागाच तशी होती.

दुपारी सगळे जेवायला थांबले. न्यायाधीश बाई एका झाडाच्या मुळावर बसल्या, गुडघ्यांवर रुमाल पसरला आणि डबा उघडून पहिला घास घेतला. त्यांच्या डोक्यामागे खोडावर निळी खूण होती. आत्या उठली. पिशवीतून खुणा मोडायचा काळा रंग काढला, बाईंच्या डोक्यावरून हात नेऊन ती खूण काळी केली, मग खाली बसून बुंध्याशी असलेली दुसरीही काळी केली.

"हे काय केलंत?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"खूण मोडली, बाईसाहेब."

"का?"

"तुम्ही जेवलात इथं."

मग तिला डब्याच्या झाडाची गोष्ट सांगावी लागली. ती सांगून होते न होते तोच मधवाले आपला डबा घेऊन उठले, पलीकडच्या झाडाखाली जाऊन त्यांनी एक घास खाल्ला, तिथून घाईघाईनं तिसऱ्या झाडाकडे निघाले.

"अहो, बसा," न्यायाधीश बाई म्हणाल्या. "हा नियम भुकेल्यांसाठी दिसतोय." सगळे हसले. साहेबसुद्धा हसले. हसता हसताच बाईंनी सहज विचारलं, "मग या कामात तुम्ही कुठे कुठे जेवलात?"

आत्याला झाडांबद्दल विचारा, ती दोन शब्दांत आटपेल. जेवणाबद्दल विचारलं की तिचा चेहरा उजळतो. "सकाळी चहा-पाव खाली ओढ्याशी," ती सांगायला लागली. "डबा त्या मोठ्या दगडापाशी. आणि फळ वर, झऱ्याच्या चढावर."

"कुठल्या कुठल्या दिवशी?"

"एकाच दिवशी, बाईसाहेब. खालून सुरू करायचं, रंग लावत लावत वर जायचं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या अंगानं परत तसंच."

कुणी घास चावेना. खालचा ओढा पहिल्या तुकड्यात होता, मोठा दगड तिसऱ्या, झऱ्याचा चढ पाचव्या. ज्या कामांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं खातं सांगत होतं, ती सगळी आत्याच्या टोळीनं रोज सकाळच्या चहापासून दुपारच्या फळापर्यंत एका दमात केली होती. आत्याच्या हे लक्षात आलं ते सगळ्यात शेवटी, सगळे गप्प झाल्यावर. तिनं माझ्याकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदा.

खात्याचे वकील उभे राहिले. "हे जेवता जेवता झालेलं बोलणं आहे. नोंदीत घेता येणार नाही."

"बरोबर आहे," न्यायाधीश बाई म्हणाल्या. "जेवण संपू दे, मग रीतसर विचारते." आणि आत्याकडे वळून, "आठवत नसेल तर तसं सांगितलंत तरी चालेल."

बाई सावकाश जेवत राहिल्या. आत्यानं आपला डबा उघडलाच नव्हता. ती चढाकडे तोंड करून बसली होती. तिथून तिचं झाड दिसत नाही, त्यात धुकं. तिनं जमिनीवर तळवा टेकला आणि डोळे मिटले. 'आठवत नाही' एवढं म्हटलं की सुटली. तिच्या वयाकडे बघून कुणी दोष दिला नसता. साहेबांनी तर मनोमन आभार मानले असते. मी आमच्या वकिलांचा पगार घेते, पण खरं सांगते, त्या वेळी केस हरली तरी मला चाललं असतं. म्हण ना आत्या, आठवत नाही म्हण, असं मी मनात घोकत होते.

न्यायाधीश बाईंनी डब्याचं झाकण लावलं, हात पुसले आणि प्रश्न पुन्हा विचारला. आत्यानं डोळे उघडले. चहा-पाव ओढ्याशी, डबा दगडापाशी, फळ झऱ्याच्या चढावर. एकाच दिवशी. त्याच क्रमानं, एकही शब्द इकडचा तिकडे न करता तिनं सगळं परत सांगितलं, आणि ते लिहून घेतलं गेलं.

परतीच्या वाटेवर मी तिच्या शेजारी गेले. "का गं?"

"जेवणाबद्दल खोटं कसं बोलायचं?" ती म्हणाली.

निकाल आमच्या बाजूनं लागला. पाच तुकडे म्हणजे एकच काम, सूट लागू नाही, आधी तपासणी करा. मधवाल्यांनी ऑफिसात मधाची बरणी आणून दिली आणि वकीलसाहेबांनी ती फायलींवर सांडली. खात्यातली बरीच माणसं आत्याशी बोलेनाशी झाली. साहेब मात्र बोलायचे. काम थांबलं, रान तसंच दाट उभं राहिलं, आणि तो उन्हाळा आत्यानं खिडकीत बसून, धुराचा वास येतो का बघत, नाक वर करून काढला. पहिला पाऊस पडल्यावर ती दोन दिवस नुसती झोपली.

तपासणीला एक तरुण मुलगी आली, हातात लाकडी हातोडी घेऊन. टोळी तिला झाडांची डॉक्टरीण म्हणायची. ती पायवाटेवरच्या एकेका खोडावर ठोकायची आणि कान लावून ऐकायची. आत्या तिच्याबरोबर हिंडली. झऱ्याच्या वाटेवर त्या झाडापाशी आल्यावर मुलीनं ठोकलं, पुन्हा ठोकलं, आणि आत्याकडे बघितलं. आत्यानं मान डोलावली.

अहवाल सगळ्यांना बरा वाटावा असा होता. ओढ्याकाठचा रस्ता रद्द. यंत्र नको, झाडं माणसांनी काढावीत, थोडी थोडी. आणि पायवाटेवर झुकलेली पोकळ झाडं लोकांच्या जिवासाठी आधी काढावीत.

तो घेऊन साहेब स्वतः आत्याच्या खोलीवर आले. मी तिथेच होते. खुर्चीच्या कडेवर बसून ते बराच वेळ कपावरचे निळे ठसे बघत राहिले. "ताई, तुमचं झाड आहे यात," शेवटी म्हणाले. "एवढं एक मी सोडवतो. कोण बघायला येतंय?"

"नको साहेब."

"अहो, इतकी वर्षं आम्ही तुमची झाडं सोडलीच ना?"

"तेव्हा कुणाच्या डोक्यावर पडणार नव्हती ती." तिनं त्यांच्यापुढे चहा सरकवला. "सगळ्यांसमोर बोलून बसलेय मी. आता माझ्यापुरती सूट नको. खूण मात्र मीच करीन."

मी तिच्याबरोबर गेले. तिनं झाडाभोवती फेरी मारली. शेंड्याकडे बघितलं. सालीवर तळवा ठेवून डोळे मिटले. मी वाट बघत राहिले, पानं वरून एकेक उतरत होती, कुठे घाई नव्हती, आणि ते डोळे उघडूच नयेत असं मला वाटत होतं. मग तिनं छातीच्या उंचीला खूण केली, आणि गुडघे टेकून बुंध्याशी दुसरी केली. ती नेहमीपेक्षा मोठी झाली. त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही. भूक नाही म्हणाली. आत्याला रानात भूक नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं आणि मला रडू फुटलं. ती रडली नाही. माझ्या पाठीवरून निळा हात फिरवला. तो ड्रेस अजून तसाच आहे.

झाड पडलं. आत माणूस उभा राहील एवढी पोकळी निघाली.

काही दिवसांनी वाट सारखी करायचं काम निघालं. आम्ही दोघी वर गेलो तेव्हा माणसं पहारी घेऊन खुंटाभोवती जमत होती. आत्या त्यांच्यामधून वाट काढत गेली, खुंटाच्या काठावर बसली आणि तिनं डबा उघडला. दोन अंडी सोलली. एक शेजारी ठेवलं, एक खायला लागली. माणसं पहारी टेकवून उभी राहिली. तेवढ्यात साहेब धापा टाकत वर आले.

"ताई, खुंट काढायचाय. जरा उठता का?"

"जेवतेय, साहेब," आत्या भरल्या तोंडानं म्हणाली.

साहेबांनी तिच्या पायाशी असलेली निळी खूण बघितली. शेजारचं अंडं बघितलं. झाडासाठी या बाईनं काही मागितलं नव्हतं आणि आताही ती काही मागत नव्हती, नुसती जेवत होती. ते माणसांकडे वळले. "वाट इथून जरा पलीकडनं घ्या," म्हणाले.

माणसं गेली. वरचं आभाळ एकदम मोकळं झालं होतं, आणि जिथे कधी ऊन पोचलं नव्हतं तिथे ते पसरून पडलं होतं. आत्याला टेकायला खोड नव्हतं. तिनं मला खुंटावर बसायला लावलं, माझ्या पाठीला पाठ लावली आणि झोपून गेली. मी हलले नाही. तिचा श्वास माझ्या पाठीतून वर-खाली होत होता आणि माझेही डोळे जड झाले.

ती जागी झाल्यावर मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच, न चिडता. "काय म्हणाले आतोबा?"

"म्हणाले, आता ऊन येतं."

मग तिनं शेजारचं अंडं उचलून माझ्यापुढे धरलं.

"ते त्यांचं ना?"

"खा," ती म्हणाली. "हेही तुझंच."

मी ते खाल्लं.